पट इथे, यंत्र तिथे



आज आपल्याशी बोलायचे आहे ते एका अगदी नव्या वाटणाऱ्या गोष्टीच्या जुन्या इतिहासाबद्दल. असे समजा की नाशिकमधल्या एका घरात संध्याकाळी सात वाजता बारा वर्षांची एक मुलगी बुद्धिबळाचा पट मांडून बसली आहे. पटाच्या शेजारी संगणकाचा पडदा आहे. तिला शिकवणारे मास्तर चेन्नईत आहेत. आणि ज्या गणकयंत्राला त्या दोघांनी मिळून प्रश्न विचारायचा, ते यंत्र ना नाशकात आहे, ना चेन्नईत. ते तिसऱ्याच कुठल्या तरी गावात, एका थंडगार खोलीत घरघरत उभे आहे. मास्तर चेन्नईतून बटण दाबतात, ते तिसऱ्या गावचे यंत्र हिशेब करू लागते आणि त्याचे उत्तर नाशकातल्या पडद्यावर उमटते. आपल्याकडे काशी, प्रयाग आणि गया मिळून त्रिस्थळी यात्रा होते. ही मुलगी ती यात्रा घरबसल्या रोज संध्याकाळी करते आहे म्हणा ना!

कुणी म्हणेल, यात इतिहास तो काय? कालपरवाची तर गोष्ट! पण तसे नाही. ही वाट पावणेदोनशेहून अधिक वर्षांची आहे, आणि तिच्या प्रत्येक वळणावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे: दूरवरून मदत आली, तर खेळतो कोण आणि शिकतो कोण? त्या प्रश्नासाठीच आज ही वाट आपण थोडी मागे जाऊन पाहू.

बुद्धिबळ हा खेळ दूर पाठवायला फार सोयीचा. कुस्ती तारेवरून पाठवता येत नाही, खो-खो पाठवता येत नाही. पण बुद्धिबळाची खेळी म्हणजे काय? कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढेच. चार अक्षरांत मावते. म्हणून पूर्वी लोक पत्राने डाव खेळत आणि एकेक डाव वर्ष-वर्ष चाले. पुढे विजेची तार आली. अमेरिकेत सॅम्युएल मॉर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर ही तार १८४४ साली सुरू झाली, आणि त्याच वर्षी त्या दोन शहरांतल्या खेळाडूंनी तिच्यावरून बुद्धिबळाचे डाव खेळून पाहिले. तार अजून नीट रुळली नव्हती, तोवर प्यादी तिच्यावरून चालू लागली! पुढच्याच वर्षी, १८४५ साली, इंग्लंडात हॉवर्ड स्टॉन्टन हा त्या काळचा नामांकित खेळाडू समुद्रकाठच्या गॉसपोर्टला बसून लंडनमधल्या खेळाडूंशी तारेने खेळला.

त्यानंतर आमच्या नभोवाणीच्या घराण्यातली एक गोष्ट. दुसरे महायुद्ध संपत होते. १९४५च्या सप्टेंबरच्या पहिल्या चार दिवसांत अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात बिनतारी यंत्रावरून सामना झाला. एका बाजूला दहा खेळाडू न्यूयॉर्कला, दुसऱ्या बाजूला दहा मॉस्कोला. रशियाने तो १५.५ विरुद्ध ४.५ असा जिंकला, आणि बुद्धिबळाच्या जगात सत्ता कुणाकडे जाणार हे त्या चार दिवसांत सर्वांना कळून चुकले.

पण इथवर काय झाले? तारेच्या दोन्ही टोकांना माणूसच होता. यंत्र फक्त निरोप्याचे काम करीत होते. निरोप्या स्वतः विचार करू लागला म्हणजे काय होते, ते आता पाहू.

जॉर्ज स्टिबिट्झ नावाचा एक गणिती अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत असे. १९३७ साली त्याने टेलिफोनमध्ये वापरतात ती विजेची खटकी, म्हणजे रिले, घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन आकड्यांची बेरीज करणारे एक छोटे यंत्र जुळवले. त्यातूनच पुढे प्रयोगशाळेचे मोठे गणनयंत्र झाले. ते होते न्यूयॉर्कला. सप्टेंबर १९४०मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात भरली. यंत्र सभेला नेणे शक्य नव्हते. तेव्हा स्टिबिट्झने उलटी युक्ती केली. त्याने सभेत एक दूरमुद्रक ठेवला आणि टेलिफोनच्या तारेने तो न्यूयॉर्कच्या यंत्राला जोडला. जमलेल्या गणितज्ञांनी इकडे आकडे टंकित करायचे आणि चारशे किलोमीटरवरून उत्तर इकडे छापून यायचे. त्या सभेत नॉर्बर्ट वीनर होते, जॉन मॉचलीही होते. पुढे एनियाक हे प्रसिद्ध गणकयंत्र बांधणाऱ्या दोघांपैकी मॉचली हे एक. माणसाने दूर बसून गणनयंत्र चालवण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग मानला जातो. म्हणजे पाहा, संगणक घरोघर यायच्या चाळीस वर्षे आधी तो दुरून चालवून झाला होता!

आता बुद्धिबळ आणि हे दूरचे यंत्र यांची गाठ कशी पडली? १९६६च्या नोव्हेंबरात एक विलक्षण सामना सुरू झाला. एकीकडे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे यंत्र, दुसरीकडे मॉस्कोतल्या एका भौतिकी संस्थेचे यंत्र. दोन्हीकडे बुद्धिबळ खेळण्याची आज्ञावली चढवलेली. खेळी यंत्राने शोधायची, ती तारेने समुद्रापार जायची. चार डाव चालले जवळजवळ नऊ महिने. मॉस्कोच्या यंत्राने दोन डाव जिंकले आणि दोन बरोबरीत सोडवले. गंमत अशी की मॉस्कोचे यंत्र अमेरिकन यंत्राहून हळू होते. पण त्याच्या आज्ञावलीत विचार अधिक नेटका होता. यंत्राचा वेग म्हणजे शहाणपण नव्हे, हा धडा तिथेच मिळाला होता. तो आपण पुढे अनेकदा विसरलो.

१९६७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड ग्रीनब्लाटने लिहिलेली ‘मॅक हॅक’ ही आज्ञावली माणसांच्या स्पर्धेत उतरली. स्पर्धेच्या जागी काय होते? एक दूरमुद्रक आणि त्याच्यापाशी बसलेला एक माणूस. यंत्र आपल्या प्रयोगशाळेतच. प्रतिस्पर्ध्याने खेळी केली की माणसाने ती टंकित करायची, उत्तराची खेळी कागदावर आली की पटावर मोहरे हलवायचे. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये गणकयंत्रांचीच आपसात स्पर्धा झाली, तेव्हाही बहुतेक यंत्रे आपापल्या गावी होती आणि सभागृहात नुसत्या टेलिफोनच्या तारा पोचल्या होत्या. जिंकली ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची आज्ञावली. तिचे यंत्र शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावात. १९७४ साली स्टॉकहोमला यंत्रांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणारी ‘काइसा’ मॉस्कोत बसून टेलिफोनवरून खेळली. वराने घरी राहावे आणि लग्नाला फेटा तेवढा पाठवावा, तसलाच हा प्रकार!

या सगळ्यात पटापाशी बसलेला माणूस मात्र हुकुमाचा ताबेदार. यंत्र सांगेल तसे मोहरे हलवायचे, एवढेच त्याचे काम. हे शिक्षण नव्हे. शिक्षणाची सुरुवात दुसरीकडून झाली.

९ डिसेंबर १९६८ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने हजारभर तंत्रज्ञांपुढे एक प्रयोग केला. त्याचे यंत्र होते तिथून सुमारे ४८ किलोमीटरवर, मेन्लो पार्क या गावी. व्यासपीठावर बसून, हाताखालचा एक डबा सरकवत तो त्या यंत्राला आज्ञा देत होता. तो डबा म्हणजेच आजचा माऊस. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. त्याचा एक सहकारी मेन्लो पार्कलाच बसला होता. दोघांच्या समोर एकच मजकूर, आणि त्या मजकुरावर दोघांचेही बाण फिरत होते. एक दाखवतो, दुसरा पाहतो, दोघे बोलतात. एका पाटीवर दोन गावांतली दोन बोटे! नाशिकची मुलगी आणि चेन्नईचे मास्तर आज जे करतात, त्याचा आराखडा तिथे तयार झाला.

मात्र बुद्धिबळाच्या मास्तरांपर्यंत हे पोचायला बराच काळ गेला. त्या काळी बुद्धिबळाची शिकवण कशी असे, तेही सांगितले पाहिजे. सोव्हिएत रशियात मिखाइल बोत्विन्निक हे जगज्जेते होऊन गेले. व्यवसायाने विद्युत्-अभियंता. त्यांनी होतकरू मुलांसाठी शाळा चालवली. अनातोली कार्पोव आणि गॅरी कास्पारोव हे पुढचे दोन जगज्जेते त्याच शाळेतले. कास्पारोव तिथे आला तो दहा वर्षांचा असताना. मुले वर्षातून काही वेळा एकत्र जमत आणि एरवी गुरुजींनी दिलेला अभ्यास घरी करीत. बोत्विन्निक यांचा आग्रह एकच: आपला डाव आपण तपासायचा, आपली चूक आपण शोधायची, आणि जे सापडेल ते लिहून काढायचे. हेच बोत्विन्निक उतारवयात बुद्धिबळ खेळणाऱ्या गणकयंत्राच्या मागे लागले, आणि वर्षानुवर्षे ते काम करीत राहिले. त्यांना माणसासारखा विचार करणारे यंत्र हवे होते. ते काही जमले नाही. पण यंत्राला शिकवू पाहणारा पहिला मोठा बुद्धिबळगुरू म्हणून त्यांचे नाव घ्यावे लागते.

आपल्याकडेही शिकवण तशीच होती, समोरासमोरची. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१चे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ते उभे केले आणि आयुष्यभर जपले. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीच्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे ही सारी मंडळी पट, पुस्तक आणि समोरचा माणूस एवढ्या भांडवलावर वर आली. परदेशातल्या डावांची माहिती हवी तर मासिकाची वाट पाहायची, आणि ते टपालाने यायचे.

हे चित्र बदलले ते साधारण १९८५ ते १९८७ या दोन वर्षांत. डिसेंबर १९८५मध्ये कास्पारोव नुकताच जगज्जेता झाला होता. हॅम्बुर्गमध्ये तो एका संघातल्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळला आणि ३.५ विरुद्ध ४.५ असा चक्क हरला. आठहीजण कसलेले होते, आणि कास्पारोवला त्यांच्या खेळाची काहीच माहिती नव्हती. त्याच सुमारास माथियास वुलेनवेबर हा जर्मन तरुण घरगुती संगणकावर डावांची नोंदवही तयार करीत होता. हजारो डाव भरायचे आणि हवा तो क्षणात काढायचा. १९८७ साली कास्पारोवने त्या नोंदवहीतून प्रतिस्पर्ध्यांचे डाव पाहून तयारी केली आणि पुन्हा हॅम्बुर्गच्या त्याच संघाशी खेळला. या वेळी निकाल लागला ७ विरुद्ध १! माणूस तोच, पट तोच. फरक होता तो आदल्या दिवशीच्या अभ्यासाचा. त्या दिवसापासून संगणक हा बुद्धिबळाच्या तालमीत कायमचा आला.

पुढे यंत्र नुसते नोंदी ठेवीनासे झाले, ते डाव तपासू लागले. १९९६ साली फिलाडेल्फियाला कास्पारोवने ‘डीप ब्लू’ या यंत्राला ४ विरुद्ध २ असे हरवले, आणि १९९७ साली न्यूयॉर्कला तेच यंत्र ३.५ विरुद्ध २.५ असे त्याच्यावर जिंकले. एव्हाना आणखी एक जुनी रीत मोडत चालली होती. पूर्वी लांबलेला डाव रात्री थांबवीत. खेळाडू आपली पुढची खेळी लिहून पाकिटात बंद करी, आणि रात्रभर त्याचे साहाय्यक डोळ्यांत तेल घालून ती स्थिती तपासत. संगणक आले आणि त्या रात्रीच्या जागरणाला अर्थ उरला नाही. डाव एकाच बैठकीत संपवायचा असे ठरले.

मग हे यंत्र दूर का गेले? कारण साधे आहे. चांगले उत्तर हवे तर यंत्र जबरदस्त पाहिजे, आणि जबरदस्त यंत्र तापते, आवाज करते, जड असते. स्पर्धेसाठी गावोगाव फिरणारा खेळाडू ते पेटीत घालून कसे नेणार? २००० साली रुडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-काहलेन या दोघा जर्मनांनी पट दाखवणारी आज्ञावली आणि विचार करणारी आज्ञावली यांच्या बोलण्याची एक ठरावीक भाषा नक्की केली. ती भाषा म्हणजे साध्या अक्षरांच्या ओळी. ‘ही स्थिती, विचार कर.’ ‘थांब.’ ‘माझी खेळी ही.’ इतके सोपे. आता दोघांचे बोलणे अक्षरांच्या ओळींनी होत असेल, तर दोघे एका टेबलावर असले काय आणि मधे समुद्र असला काय! एक खेळी म्हणजे चार-पाच अक्षरे. कितीही बारीक तारेतून ती जाते. आपण पाहिलेच, १८४४च्या तारेतूनही गेली होती.

दुसरी पद्धत म्हणजे दूरच्या यंत्राचा अख्खा पडदाच आपल्याकडे आणायचा आणि आपल्या हाताने तिकडचा माऊस फिरवायचा. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने १९९८च्या सुमारास अशी एक सोय सर्वांसाठी खुली केली, आणि तिच्या मागोमाग तशा अनेक आल्या. पहिली रीत म्हणजे दूरच्या विद्वानाला चिठ्ठी पाठवणे; दुसरी म्हणजे त्याच्या घरात जाऊन त्याच्या खुर्चीवर बसणे. मास्तर मंडळी आज दोन्ही वापरतात.

या सर्वांची कसोटी लागली ती २०१०च्या वसंतात, बल्गेरियातल्या सोफिया शहरी. जगज्जेता आपला विश्वनाथन आनंद. आव्हान देणारा बल्गेरियाचाच वेसेलिन तोपालोव. त्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातली विमाने बंद पडली. आनंद फ्रँकफर्टला अडकला. शेवटी मोटारीने चाळीस तास प्रवास करून तो सोफियाला पोचला. सामना तीन दिवस पुढे ढकला म्हणाला. मिळाला एक दिवस. आणि पहिलाच डाव तो हरला.

तोपालोवच्या बाजूला यंत्रांचा ताफा होता. सामन्यानंतर बोलबाला झाला की त्याच्याकडे आठ हजारांवर प्रक्रियकांचे महासंगणक-यंत्र होते. ‘रिब्का’ या बुद्धिबळाच्या आज्ञावलीच्या कर्त्याने लगेच खुलासा केला की ते तसे नसून ११२ प्रक्रियकांचा जोडसंच होता. तरी तोही काही लहान नव्हे, बरं का! आनंदच्या बाजूलाही संगणक होतेच. पण त्याच्या पाठीशी माणसे अधिक होती. पीटर हाइने नील्सन, रुस्तम कासिमजानोव, रादोस्लाव वोयताशेक आणि आपला सूर्यशेखर गांगुली हे त्याचे साहाय्यक. शिवाय सामना संपल्यावर त्याने जाहीर आभार मानले ते कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन यांचे. आजवर ज्यांच्याशी तो भांडला, तेच दुरून त्याला सल्ला देत होते!

अकरा डाव झाले, गुण सारखे. ११ मे २०१०. बारावा आणि शेवटचा डाव. आनंदकडे काळी मोहरी. तोपालोवने जिंकण्याच्या ईर्ष्येने एक-दोन प्याद्यांची मारामारी स्वीकारली आणि त्याच्या राजापुढची भिंत उघडी पडली. आनंद आत शिरला. सामना ६.५ विरुद्ध ५.५. आता विचार करा, त्या क्षणी ११२ प्रक्रियकांचा जोडसंच काय करीत होता? त्याला उत्तर बहुधा क्षणात दिसले असते. पण त्याची तार सभागृहाच्या दाराशी तुटली होती. दाराच्या आत खेळाडू एकटा. तयारी कितीही दूरवरून येवो, शेवटची खेळी इथेच, याच डोक्यातून यावी लागते.

आणि म्हणूनच ती तार दाराच्या आत घुसवण्याचा मोह काहींना झाला. ही या इतिहासाची काळी बाजू, आणि ती लपवून चालणार नाही. २००६ साली दिल्लीच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत शिवलेले बिनतारी यंत्र सापडले. बाहेरचे साथीदार संगणकाला विचारून त्याला खेळ्या सांगत होते. भारतीय महासंघाने त्याला दहा वर्षे बंद केले. २०१०च्या ऑलिंपियाडमध्ये, रशियातल्या खांती-मान्सिस्क शहरी, एका युरोपीय संघाच्या बाबतीत तर शिकवणाराच गुंतला. एकजण आपल्या देशात बसून संगणकावर खेळी काढी, ती मोबाइलवर आकड्यांच्या रूपाने पाठवी, आणि संघाचा मास्तर सभागृहात ठरावीक पटामागे उभा राहून खेळाडूला खूण करी. तिघांवरही कारवाई झाली. श्रोतेहो, त्यात अवजारे तीच होती. दूरचे यंत्र, मधला मास्तर, पटावरचा शिष्य. आपल्या नाशिकच्या घरात आहेत तीच तिन्ही. मग फरक कशात? फरक एवढाच की इकडे मदत थांबल्यावर डाव सुरू होतो, आणि तिकडे डाव सुरू झाल्यावर मदत येते. पहिल्याला तालीम म्हणतात, दुसऱ्याला चोरी. आज ऑलिंपियाडमध्ये संघनायक पटांमधून फिरतो, पण पटावरच्या स्थितीविषयी त्याला आपल्या खेळाडूशी चकार शब्द बोलता येत नाही. २०२४ साली बुडापेस्टला आपल्या महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा पुण्याचे अभिजित कुंटे हे संघनायक होते. वर्षभर शिकवायचे आणि परीक्षेच्या तासाला ओठ शिवून घ्यायचे, हे मास्तरांचे तप समजा!

तारेची दुसरीही एक खोड आहे. ती तुटते. २०२०च्या साथीच्या काळात ऑलिंपियाड घरोघर बसून, संगणकावरून खेळवले गेले. ३० ऑगस्टला अंतिम सामना भारत आणि रशियाचा. आपला संघनायक नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत अचानक जगभर इंटरनेटचा घोळ झाला. नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचा संपर्क तुटला, घड्याळे चालू राहिली आणि दोघांचे डाव वेळेवर गेले. भारताने दाद मागितली. अखेर जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक विभागून दिले. निर्णय न्यायाचा म्हणा की समजुतीचा म्हणा. पण डावपेच सगळे येत असतानाही घड्याळाकडे हताशपणे पाहत बसणे म्हणजे काय, हे त्या दोन मुलांना त्या दिवशी कळले असेल.

तेव्हा पुन्हा नाशिकच्या त्या घरात येऊ. मुलगी परवाचा हरलेला डाव दाखवते आहे. तेविसाव्या खेळीपाशी तिचा घोडा चुकला. मास्तरांना यंत्र विचारायला एक क्षण पुरेल. पडद्यावर आकडा येईल, योग्य खेळी येईल, तिच्यामागच्या वीस खेळ्यांची माळ येईल. मुलगी मान डोलावेल, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा करील. कारण उत्तर यंत्राला सापडले, तिला नाही. तिने ते पाहिले, एवढेच.

म्हणून जाणते मास्तर काय करतात? दूरच्या यंत्राची किल्ली त्यांच्या हाती असते, आणि तास सुरू झाल्यावर ते पहिल्यांदा ती बंद करतात. ‘तुला त्या वेळी काय दिसलं ते सांग,’ म्हणतात. मुलगी अडखळत बोलू लागते. घोडा का हलवला, कशाची भीती वाटली, कुठले घर नजरेतून सुटले. वीस मिनिटे हे चालते. मग मास्तर यंत्र उघडतात, आणि मुलीचे उत्तर यंत्राच्या उत्तराशेजारी ठेवून पाहतात. कधी यंत्र तिला चूक ठरवते, कधी बरोबर. पण आता तिच्याजवळ ताडून पाहायला स्वतःचे काहीतरी असते. बोत्विन्निक जे टपालाच्या काळात सांगत होते, सांगलीच्या मंडळात जे पटावर शिकवले जात होते, तेच हे. वाट नवी, चालणे जुनेच.

२०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमी शहरी त्याच दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. वय १९. पाच वर्षांपूर्वी तारेने दगा दिला होता. या वेळी मधे तार नव्हती, समोर पट होता आणि पलीकडे माणूस. शेवटची खेळी झाल्यावर तिला रडू आवरले नाही, आणि आई जवळ येताच ती तिच्या गळ्यात पडली. हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

दूरच्या यंत्राने हिशेब दूर नेला आणि मास्तरांना जवळ आणले, हे त्याचे मोठेच उपकार. सांगलीत किंवा चेन्नईत जन्म न झालेल्या मुलालाही आज उत्तम गुरू मिळतो. पूर्वी हे भाग्य मोजक्यांचे होते. पण यंत्र कधी चालू करायचे आणि कधी बंद, हा निर्णय दूर पाठवता येत नाही. तो पटापाशीच घ्यावा लागतो. आपल्या घरात कुणी मूल पट मांडून पडद्यासमोर बसत असेल, तर त्याला एवढेच विचारा: ‘उत्तर पाहिलंस की शोधलंस?’ त्याचे उत्तर ऐकलेत म्हणजे त्याची तालीम कशी चालली आहे ते तुम्हालाही कळेल, मग तुम्हाला घोड्याची चाल ठाऊक नसली तरी चालेल.